बाहेरून आलेला जिताडा

कोपरी, ठाणे
२६ ऑक्टोबर १९५३

प्रिय हरिहर,

त्रिपुरी पौर्णिमा यंदा शुक्रवारी आली आहे. तिच्या पाठचे शनिवार-रविवार खाडीला उधाण असणार आणि उधाणाबरोबर जिताडा मासा आत शिरणार, हे तुला मी सांगायला नको. काळुरामची होडी सांगून ठेवली आहे. गुरुदत्तने कचेरीत शनिवारची रजा टाकली आहे. बायकोला काय सांगायचं ते तो अजून ठरवतो आहे. शनिवारी कळव्याच्या पुलाखालून निघायचं, मुंब्र्याच्या डोंगराखाली मुक्काम करायचा, रविवारी परत. शाळेत असताना तुझ्या वडिलांनी, तात्यांनी, आपल्या तिघांना गळाची दोरी धरायला शिकवली तेव्हापासून ही फेरी चुकली नव्हती. गेल्या साली मंदावहिनी अंथरुणाला खिळल्या होत्या म्हणून चुकली, ते ठीकच झालं. यंदा चुकवायची नाही.

वहिनी गेल्यापासून तू ठाण्याला उतरलेला नाहीस. ऑफिसला जाता-येता माझ्या मिठागराच्या अंगावरून जातोस, पण खिडकीतून हातसुद्धा करत नाहीस. मी रागावलेलो नाही. मलाही आताशा बांधावर दोन फेऱ्या मारल्या की बसावंसं वाटतं. पण बसायचंच आहे तर होडीत बसू.

सगुणा विचारते आहे, तात्यांची तब्येत कशी. त्यांना माझा साष्टांग नमस्कार सांग आणि होकार कळव.

तुझा,
गोपीनाथ

*

डोंबिवली
३१ ऑक्टोबर १९५३

प्रिय गोपीनाथ,

तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं. यायला जमेलसं वाटत नाही.

पाठ दुखते हे एक. ऑफिसात वर्षअखेरीची कामं आहेत हे दुसरं. तिसरंही काहीतरी सांगता येईल, पण तू मला ओळखतोस, तेव्हा दोन पुरेत. मला कंटाळा आला आहे, गोपी. कशाचा ते विचारू नकोस. सांगायला बसलो तर त्याचाही येईल. सकाळी उठतो, गाडी पकडतो, संध्याकाळी घरी येतो, वासंतीने वाढलेला वरणभात जेवतो. पोर बिचारी कॉलेज सांभाळून दोन्ही वेळचं करते. मी तिला बरं म्हणायला विसरतो आणि मग रात्री आठवतं.

तात्यांचं काय सांगू? डोळ्यांनी आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. ते सोसतील. पण जेवण तुटलं आहे. पानावर बसतात, भात चिवडतात, हात धुतात. वैद्य म्हणतात पोटात काही नाही, मनच उठलं आहे. या वयात मन पुन्हा बसवायचं कसं, ते काही वैद्य सांगत नाहीत. मांडीचं मांस गेलं आहे. त्यांना आंघोळीला उठवताना माझ्या हाताला ते कळतं आणि दिवसभर हाताला तेच आठवत राहतं. हा पावसाळा त्यांनी काढला, पुढचा काढतील असं मला वाटत नाही.

तुम्ही दोघं जाऊन या. गुरुदत्तला म्हणावं, टोपी बांधून ठेव. मागच्या खेपेची खाडीत गेली होती.

तुझा,
हरिहर

*

कोपरी, ठाणे
३ नोव्हेंबर १९५३

प्रिय हरिहर,

पाठ माझीही दुखते. गुरुदत्तचे तर गुडघेही दुखतात. तिघांच्या दुखण्यांना मिळून एक होडी पुरेल.

खरं काय ते सांगशील का? गुरुदत्तच्या कानावर आलंय की तू मासळी सोडलीस. बाजारात तुला कुणी कधी बघत नाही, डोंबिवलीची कोळीण तुझ्या दारावरून ओरडत जाते आणि तुझ्या घरातून कुणी हाक मारत नाही. कुणा बुवाच्या नादी लागला आहेस का? लागला असशील तर लाग बाबा, पण तात्यांना त्यात का ओढलंस? ज्या माणसाने जन्मभर भरती-ओहोटी बघून जेवणाची वेळ ठरवली त्याच्या पुढ्यात तू वरणभात ठेवतोस आणि म्हणतोस मन उठलं. माझंही उठलं असतं.

हे लिहून मला बरं वाटत नाही. पण तुझी दोन-दोन ओळींची कारणं वाचूनही वाटत नाही. नको म्हणायचं असेल तर आम्ही नको झालो असं सरळ म्हण.

भाऊबीज झाली की सगुणा फराळाचा डबा घेऊन तुमच्याकडे येईल. तुमच्या घरी यंदा कढई चढणार नाही हे तिला माहीत आहे. तिच्यासमोर तरी पाठ दुखते म्हणू नकोस. ती लेप घेऊन येईल.

गोपीनाथ

*

डोंबिवली
१० नोव्हेंबर १९५३

प्रिय गोपीनाथ,

बुवा कुणी नाही. तुम्ही नको झालात असंही नाही. यापलीकडे मला काही लिहिता येत नाही, तेव्हा एवढ्यावर विश्वास ठेव. काही गोष्टी अशा असतात की त्या बोलल्या की मागितल्यासारख्या होतात. आमच्या घरात तात्यांनी ती शिस्त फार कडक ठेवली आहे आणि या वयात मी ती मोडणार नाही.

सगुणावहिनी काल येऊन गेल्या. चकल्या खुसखुशीत होत्या असं वासंतीने सांगितलं. वहिनी तात्यांच्या पाया पडल्या तेव्हा तात्यांनी त्यांचा हात धरून ठेवला आणि विचारलं, "सगुणा, आज ओले बोंबील केले होतेस का?" वहिनी हसून हो म्हणाल्या. तात्यांनी हात सोडला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मग वहिनी आत वासंतीजवळ जाऊन बसल्या. दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. बाहेर आल्या त्या चहा अर्धा टाकून उठल्याच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आमचं काही चुकलं का? वासंतीला विचारलं तर ती काही सांगत नाही. तात्यांच्या बोलण्याचा वहिनींना राग आला असेल तर माझ्या वतीने समजूत घाल. आंधळ्या माणसाचं नाक तीक्ष्ण होतं, त्यात अपमान करायचा हेतू नसतो.

हरिहर

*

कोपरी, ठाणे
१३ नोव्हेंबर १९५३

हरिहर,

कार्डावरच लिहितो. सगुणा बरी आहे, तिला कसलाही राग नाही. शनिवार-रविवारी मी आणि गुरुदत्त दोघंच जातो. तू येऊ नकोस. आता येतो म्हणालास तरी नेणार नाही. रविवारी घरातच राहा.

गोपीनाथ

*

डोंबिवली
१७ नोव्हेंबर १९५३

प्रिय गोपीनाथ,

कार्ड मिळालं. पोस्टमनने ते आधी वासंतीला वाचून दाखवलं आणि मग मला दिलं, एवढं बरं झालं की तात्या झोपले होते.

होडीत विधुर माणसाचं वजन फार होतं हे मी समजू शकतो. तुम्ही हसायला जाणार, त्यात मी कशाला? राग नाही. रागाला जी ताकद लागते ती माझ्याकडे उरलेली नाही.

रविवारी घरात राहणं जमणार नाही. तात्यांच्या औषधासाठी कल्याणला वैद्यांकडे जायचं आहे. मी कुठे असतो त्याने तुला काय फरक पडतो, तेही कळलं नाही.

मोठा मासा लागो.

हरिहर

*

कोपरी, ठाणे
२५ नोव्हेंबर १९५३

प्रिय हरिहर,

परवा संध्याकाळी आपण एका पंगतीला जेवलो. तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण तू घरी पोचण्याआधी काय काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसणार. गुरुदत्त सांगेल तर त्यात तोच नायक असेल.

पहिल्यापासून सांगतो. सगुणा तुमच्याकडून आली ती पायही न धुता ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, "तुमच्या दोस्ताच्या घरान बाई गेल्यापासून मासली शिजली नाय. कुनी नेलीच नाय. तुमी काय करीत व्हतंव?" मी म्हटलं, तो मान वहिनींच्या माहेरचा, कल्याणच्या मंडळींचा, त्यांनी तेराव्यानंतर नेली असणार. ती म्हणाली, मी वासंतीला विचारून आले. दुसऱ्या दिवशी मी कल्याणला वहिनींच्या भावाकडे गेलो. तो मला बघून उलट म्हणाला, "अहो, आम्ही तर तुम्हीच नेली म्हणून धरून चाललो होतो. त्या घरात मासळी तुमच्याच हातची जायची, मग दुखवटा सोडवायचा मानही तुमचाच, म्हणून आम्ही मागे राहिलो." त्याने आम्हांला मान दिला, आम्ही त्याला दिला, आणि या मानापानात एक म्हातारा माणूस वर्षभर मासळीवाचून राहिला. दुखवट्याच्या घरात मासळी बाहेरच्यानेच आणायची आणि घरच्याने बोलवायचं नाही, ही रीत तुमच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. तू बोलणार नव्हतास हे मला तेव्हा कळलं. तुला बुवाचं काय काय लिहिलं होतं ते आठवून मला जेवण गेलं नाही.

म्हणून ते कार्ड. तुला सांगून आणलेली मासळी चालली नसती. तुला होडीत घेऊन लागलेली तर मुळीच नाही.

बाजारातून घेता आली असती. गुरुदत्त तेच म्हणत होता. पण तात्यांच्या घरी न्यायचा मासा तात्यांनी शिकवलेल्या दोरीलाच लागायला हवा, असं माझ्या डोक्यात बसलं. शनिवारी दिवसभर आम्ही जिवंत कोळंबी लावून बसलो आणि काही लागलं नाही. दोन शिंगाळ्या आल्या, त्या काळुरामने घेतल्या. तू नव्हतास म्हणून गुरुदत्त दोघांच्या वाटचं बोलला, मग तोही थकला. मुंब्र्याच्या काठावर भाकरी खाताना तो म्हणाला, गोप्या, आपण म्हातारे झालो रे. माझी पाठ इतकी धरली होती की मला उताणं निजता येत नव्हतं.

रविवारी भरती चढायला लागली तेव्हा जिताडा लागला, तोही गुरुदत्तच्या दोरीला. त्याचं लक्ष टोपीकडे होतं. दोरी सुटायला लागली तशी तो ओढायला लागला. मी ओरडलो, ओढू नकोस, दमू दे, तात्यांनी काय सांगितलंय. दोघांनी मिळून त्याला दमवला. खरं तर त्याच्याआधी आम्हीच दमलो होतो, पण हे त्याला ठाऊक नव्हतं. होडीत घेतला तेव्हा गुरुदत्त रडला. मी त्याला हसलो नाही.

मग परत न फिरता भरतीबरोबर तसेच वर आलो, डोंबिवलीच्या रेतीबंदरापर्यंत. ओल्या गोणपाटात मासा गुंडाळून तुझ्या दारात आलो तर तू खरंच कल्याणला गेलेला. वासंतीने दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेरूनच गोणपाट तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "बाय, आता चूल पेटव." तात्या आतून कोण आहे म्हणून विचारत होते. आम्ही ओ दिली नाही. आमच्यात दुखवट्याची मासळी आणणारा उंबरा ओलांडत नाही, त्या घरचं पाणी घेत नाही, मागे वळून बघत नाही. शिवाय पाणी फिरलं होतं आणि काळुराम चिखलात अडकायला तयार नव्हता. आम्ही गेलो ते तृप्त मनाने. होडीत गुरुदत्त गाणंसुद्धा म्हणाला.

तुमच्यात उलटं आहे, आणणाऱ्याने पंगतीला बसल्याशिवाय घरचं कुणी घास उचलत नाही, हे मला कोण सांगणार? चाळीस वर्षांची दोस्ती, पण एकमेकांच्या घरचा दुखवटा सोडवायची वेळ आधी कधी आली नव्हती.

सोमवारी दुपारी तुझी तार आली. मी मिठागरावर होतो. आमच्या आळीत तार म्हणजे काय ते तुला माहीत आहे. सगुणाने शिपायाच्या हातात ती बघितली आणि तिथेच मटकन बसली. शेजारची कलावती आली, रखमाबाई आली, तार न फोडताच रडारड सुरू. मी धावत आलो आणि वाचली. 'तात्या वेटिंग कम अॅट वन्स.' अरे हरिहरा, तू कारकून आहेस हे मान्य, पण एखादा शब्द जास्त घालायचास. म्हातारा माणूस वाट बघतो आहे, ताबडतोब या, याचा अर्थ मी काय घ्यायचा? मला वाटलं जीव घुटमळतो आहे. आणि त्याहून वाईट मला दुसरं वाटलं. वाटलं, वर्षभराने मासळी पोटात गेली, ती सोसली नाही. आपणच नेली.

सगुणाने देव्हाऱ्यातला गंगाजळाचा गडू काढून हातात दिला. गुरुदत्तला कचेरीतून उचललं. गाडीत तो एक शब्द बोलला नाही, यावरून तू समज.

तुझ्या घरी आलो तर दार उघडं. आत पाट मांडलेले, रांगोळी नाही पण पानं घेतलेली, आणि तात्या पहिल्या पाटावर भिंतीला टेकून बसलेले. मी दारातच उभा राहिलो.

तात्यांनी मान वळवली. "कोण, गोप्या?"

"हो, तात्या."

"हातात काय आहे?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "गंगाजळ," मी म्हटलं.

 ते म्हणाले, "ते देवाजवळ ठेव. हात धू आणि पाटावर बस. पोरीने मासा मिठात घालून ठेवलाय कालपासून. आज सोमवार आहे ते मला ठाऊक आहे, महादेवाशी माझं मी बघतो."

तू आलास तेव्हा मी मोरीत इतका वेळ काय करत होतो म्हणून तू विचारलंस. मी म्हटलं हात धुतो आहे. हात केव्हाच धुऊन झाले होते.

आता मला एक सांग. जेवताना तू कुणाशी बोलला नाहीस. माशाचं डोकं वहिनींच्या आवडीचं म्हणून तात्यांनी ते तुझ्या पानात वाढायला सांगितलं आणि तू ते खाल्लंस, पण नंतर आम्हांला पोचवायला स्टेशनपर्यंत आलास तरी गप्पच होतास. आम्ही फार उशीर केला का? म्हणजे त्या एका दिवसाचा नाही, वर्षाचा.

सगुणा तुझ्या तारेबद्दल तुला कधीच क्षमा करणार नाही असं म्हणते आहे. आज तिने तात्यांसाठी सुक्या कोळंबीचे सोडे साफ करून ठेवले आहेत. आता ती बोलावण्याची वाट बघणार नाही.

तुझा,
गोपीनाथ

*

डोंबिवली
२९ नोव्हेंबर १९५३

प्रिय गोपी,

वहिनींची मी पाया पडून माफी मागेन. तार तात्यांनी सांगितली तशीच केली. रविवारी संध्याकाळी मी कल्याणहून आलो तर वासंती दारातच उभी, आत मासा, आणि तात्या म्हणत होते, "आणणारे गेले कसे? बोलाव त्यांना." मी म्हटलं, तात्या, बोलवायचं नसतं ना. ते म्हणाले, "आणायला बोलवायचं नसतं. जेवायला बोलवायचं नाही असं कुठे आहे?" वर्षभर मी ज्या रीतीखाली वाकून चाललो ती त्यांनी एका वाक्यात मोकळी केली. मी सकाळी ऑफिसला न जाता आधी कल्याणच्या तारऑफिसात गेलो. शब्द तोडायची सवय हाताला आहे, ती तिथेही आड आली.

मी जेवताना का बोललो नाही ते विचारतोस. मला चव लागत नव्हती. मंदाचं पान नाही, तिच्या हातचं वाटण नाही, वासंतीने मीठ जरा जास्तच घातलेलं. मी खाली मान घालून खात होतो आणि मनात म्हणत होतो की आता हेही झालं, आता ती खरंच गेली. दुखवटा होता तोवर ती घरात थोडी होती. ते सुटलं याचं मला त्या रात्री सुख वाटलं नाही, दुःखच वाटलं. तुम्ही उशीर केलात की लवकर आलात, मला अजून ठरवता येत नाही. पण आलात.

तात्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर विचारलं, काही उरलं आहे का. उरलं होतं. भात कालवून जेवले. परवा कोळणीला वासंतीने हाक मारली तेव्हा त्यांनी आतून भाव पाडून मागितला. अंग भरायला वेळ लागेल, कदाचित भरणारही नाही. वैद्यांना मी काही सांगितलं नाही. काल आंघोळीला उठवताना ते माझ्या हातावर भार न टाकता आपण होऊन उठले, एवढंच सांगतो.

तुला मी पाठीचं कारण दिलं, ऑफिसचं दिलं. तिसरं दिलं नाही, ते आता देतो. होडीत बसलो असतो आणि माझ्या दोरीला मासा लागला असता, तर तो घेऊन मी कुठल्या घरी गेलो असतो? तुमच्याबरोबर हसत बसायचं आणि मग तो मासा तुमच्या कुणाच्या तरी हातात देऊन रिकाम्या हाताने तात्यांसमोर यायचं, हे माझ्याने झालं नसतं. म्हणून आलो नाही. बाकी काही नव्हतं.

मी दमलेला आहे, गोपी. एक जिताडा खाल्ल्याने माणूस ताजातवाना होत नाही. ऑफिस तेच आहे, रात्री तशाच आहेत. पण येत्या रविवारी अमावस्या आहे, पुन्हा उधाण आहे, आणि तात्या सकाळपासून दोनदा विचारून झाले की गोप्या निघणार आहे का. माळ्यावरून माझी दोरी काढली, ती पार कुजली आहे. तुझ्याकडची एक लागेल. गुरुदत्तला सांग, मला मधल्या फळीवर बसू दे, तिथे पाठीला आधार मिळतो.

मला न्या. बघ, मागतो आहे. मासा लागला तर तो मी माझ्या घरी घेऊन जाईन.

हरिहर